खासगी नोकरीतून निवृत्त होताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ज्यांना सरकारी पेन्शन नाही त्यांच्यासाठी हे पान आहे. पिंपरी-चिंचवड, चाकण, ठाणे-बेलापूर, सातपूर-अंबड, वाळूज इथल्या कारखान्यांत किंवा शहरातल्या खासगी ऑफिसांत उमेदीची वर्षं घालवलेली माणसं पन्नाशी उलटली की जे विचारतात, तेच प्रश्न इथे घेतले आहेत. फंडाचे आणि पेन्शनचे कागद भरून देणं हे माझं रोजचं काम आहे, त्यामुळे उत्तरांत नियमांबरोबर माझी मतंही आहेत. व्याजदर आणि मर्यादा २०२५ मधल्या आहेत. पैसे ठेवण्याआधी त्या दिवसाचा दर विचारून घ्या.

तयारी कधी सुरू करायची?

बचत पहिल्या पगारापासून करावी, हे सगळ्यांना माहीत असतं. कागदपत्रांचं मात्र कुणी सांगत नाही. ती बावन्न-त्रेपन्नाव्या वर्षी हातात घ्या. तेव्हा जुनी कंपनी, जुना सुपरवायझर, जुनी पगाराची स्लिप असं काही ना काही सापडतं. अठ्ठावन्नाव्या वर्षी शोधायला गेलं तर कंपनीच्या जागी गोडाऊन उभं असतं.

पीएफच्या पेन्शनचे मला महिन्याला किती मिळतील?

तुमच्या अंदाजापेक्षा कमी. हे आधीच कळलेलं बरं, म्हणून सविस्तर सांगतो.

कंपनी तुमच्या नावावर जे १२ टक्के भरते, त्यातले ८.३३ टक्के पेन्शन योजनेत जातात, पण पगार जास्तीत जास्त १५,००० धरून. तुमचं बेसिक ४०,००० असलं तरी पेन्शनकडे महिन्याला १,२५० रुपयेच वळतात. जादा पगारावर पेन्शनचा पर्याय ज्यांचा मंजूर झाला आहे त्यांची गोष्ट वेगळी. बाकी सगळ्यांना हेच सूत्र लागू आहे: शेवटच्या ६० महिन्यांचा सरासरी पगार गुणिले सर्व्हिसची वर्षं, भागिले ७०. सर्व्हिस २० वर्षांची झाली असेल तर दोन वर्षं वाढवून धरतात.

पुष्कळ जण इथे १५,००० गुणिले ३० भागिले ७० असा हिशेब करतात आणि ६,४०० रुपये येतील म्हणून बसतात. पण १ सप्टेंबर २०१४ पूर्वी पगाराची मर्यादा ६,५०० होती आणि त्याआधीच्या वर्षांना तीच लावतात. १९९७ मध्ये कामाला लागलेल्या आणि २०२५ मध्ये अठ्ठावन्न पूर्ण झालेल्या माणसाच्या हातात त्यामुळे साडेचार हजारांच्या आसपासच पेन्शन पडते. योजनेतलं किमान पेन्शन २०१४ पासून १,००० रुपये आहे. निवृत्त कामगार ते वाढवून मागत आहेत आणि त्यांची मागणी रास्त आहे.

पन्नाशीनंतर लवकर पेन्शन घेता येतं, पण अठ्ठावन्नला जितकी वर्षं कमी तितके दरवर्षी ४ टक्के कापले जातात आणि ही कपात आयुष्यभर राहते. उलट अठ्ठावन्ननंतर साठपर्यंत थांबलात तर दरवर्षी ४ टक्के वाढतात. नोकरी गेली आणि घरात दुसरी मिळकतच नाही अशी वेळ आल्याशिवाय लवकर पेन्शन घेऊ नये, असं माझं मत आहे.

मी चार कंपन्या बदलल्या. सगळी सर्व्हिस मोजतील का?

फंड ट्रान्सफर केला असेल तर मोजतात. पेन्शनसाठी एकूण १० वर्षं लागतात आणि ती एकाच कंपनीतली असण्याची गरज नाही. पण नोकरी सोडताना फंडाबरोबर पेन्शनचे पैसेही १०-सी फॉर्म भरून काढून घेतले असतील, तर ती वर्षं गेली. नव्वदच्या दशकात हे सर्रास व्हायचं. कंपनी सुटली की फंड काढायचा आणि घराला पत्रे टाकायचे. त्या पैशाचा उपयोग झाला, पण सर्व्हिस तुटली. आता कुणी नोकरी बदलत असेल, तुमची मुलंसुद्धा, तर पैसे काढण्याऐवजी ट्रान्सफर करा किंवा स्कीम सर्टिफिकेट, म्हणजे पेन्शनची सर्व्हिस शाबूत ठेवणारा दाखला, घ्या असं सांगा.

क्लेम परत येण्याचं नेहमीचं कारण कोणतं?

नाव. फंडात एक, आधारवर दुसरं, बँकेत तिसरं. आपल्याकडे नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं तिहेरी लिहितात. कुठे मधलं नाव गळतं, कुठे नुसतं आद्याक्षर राहतं. बायकांच्या बाबतीत त्रास जास्त होतो. लग्नाआधी नोकरीला लागल्या तेव्हा फंडात माहेरचं नाव आणि वडिलांचं नाव गेलं, पुढे आधार सासरच्या नावाने निघालं. एका बाईंच्या कागदांत जन्मतारीखही वेगळी होती. शाळेच्या दाखल्यावर १ जून, कारण त्या काळी गुरुजी शाळेत घालताना बहुतेकांची तीच तारीख टाकत, आणि आधारवर घरच्यांनी सांगितलेली.

दुरुस्तीसाठी कामगार आणि कंपनी यांचं संयुक्त घोषणापत्र लागतं. नवे यूएएन (फंडाचे कायमचे क्रमांक) आधारला नीट जोडलेले असतील तर बऱ्याच गोष्टी स्वतःच ऑनलाइन बदलता येतात, जुन्यांना मात्र कंपनीची मंजुरी लागते. म्हणून कंपनी चालू आहे आणि तुम्ही अजून आत आहात तोवर हे करून घ्या. यूएएनच्या पासबुकात प्रत्येक जुन्या कंपनीची नोकरी सोडल्याची तारीख चढली आहे का, तेही पाहा. ती कोरी असेल तर पुढचं काही हलत नाही.

किती पैसे असले म्हणजे पुरतील?

लोक एक आकडा मागतात, ५० लाख की १ कोटी. मी आधी महिन्याचा खर्च विचारतो. रकमेपेक्षा त्या रकमेतून दर महिन्याला किती पगार तयार होतो, हे महत्त्वाचं.

चिखलीत राहणाऱ्या एका जोडप्याचा हिशेब सांगतो. आमचं २५ हजारांत भागतं, असं ते म्हणाले. किराणा, दूध, गॅस, लाइट बिल, सोसायटीचा मेंटेनन्स आणि औषधं मिळून तेवढेच होत होते. मग वर्षातून एकदा येणारे खर्च काढले: मेडिक्लेमचा हप्ता, घरपट्टी, गाडीचा विमा, गावची जत्रा, दिवाळी, लग्नाकार्यातले आहेर, चष्मा, दाताचं काम, टीव्ही किंवा फ्रीज बिघडला तर त्याची तजवीज. बाराने भागून मिळवले तर खर्च ३४ हजारांवर गेला. हे वरचे नऊ हजार कुणीच धरत नाही, आणि निवृत्तीनंतर पहिल्याच वर्षी ते समोर उभे राहतात.

त्यांच्याकडे फंडाचे ४२ लाख होते. ग्रॅच्युइटी अशी निघाली: शेवटचं बेसिक आणि महागाई भत्ता मिळून ३०,०००, गुणिले १५ भागिले २६, गुणिले २८ वर्षं, म्हणजे सुमारे ४ लाख ८५ हजार. एकूण ४७ लाखांच्या जवळपास. मांडणी पुढीलप्रमाणे केली.

पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ३० लाख. एका व्यक्तीला तीच कमाल मर्यादा आहे. ८.२ टक्क्यांनी तिमाहीला ६१,५०० रुपये, म्हणजे महिन्याला २०,५००. ही योजना साठीनंतरची असली तरी ५५ ते ६० मध्ये निवृत्त झालेल्यांना निवृत्तीचे पैसे मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यात पैसे ठेवता येतात. ही मुदत चुकवू नका. खातं पत्नीबरोबर संयुक्त काढलं. पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेत ९ लाख, ७.४ टक्क्यांनी महिन्याला ५,५५०. पेन्शन ४,४००. सगळं मिळून ३०,४५० रुपये. ३ लाख अडीनडीसाठी बँकेत आणि उरलेले ५ लाख म्युच्युअल फंडात, त्यांना दहा वर्षं हात लावायचा नाही.

साडेतीन हजार कमी पडत होते. गृहस्थांनी जवळच्या एका वर्कशॉपमध्ये अर्धा दिवस तपासणीचं काम धरलं. त्यामुळे खर्च भागतो आणि थोडी शिल्लकही पडते.

व्याजावर खर्च भागतोय. मग म्युच्युअल फंड कशाला?

कारण व्याज आहे तेवढंच राहतं आणि खर्च वाढतो. महागाई वर्षाला ६ टक्के धरली तर आजचे ३४ हजार बारा वर्षांनी ६८ हजार होतात. तुम्ही सत्तरचे असाल आणि पोस्टातून तेच २०,५०० येत असतील. म्हणून रकमेचा काही भाग वाढता राहायला हवा. साधा इंडेक्स फंड (शेअर बाजाराच्या निर्देशांकाबरोबर चालणारा) किंवा बॅलन्स्ड फंड (शेअर आणि रोखे मिळून असलेला) पुरे. पण पुढची सात-आठ वर्षं ज्या पैशाची गरज नाही तेवढेच त्यात घाला. अठ्ठावन्नाव्या वर्षी फ्युचर्स-ऑप्शन्स शिकायला कुणी क्लासची जाहिरात दाखवली तर तिकडे फिरकू नका. आयुष्यभराचा फंड दोन महिन्यांत गेलेली माणसं मी पाहिली आहेत.

पतसंस्था जास्त व्याज देते, तिथे ठेवू का?

नाही. बँक बुडाली तर ठेव विमा महामंडळाकडून एका बँकेत एका ठेवीदाराला मुद्दल आणि व्याज धरून ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. हे संरक्षण सहकारी बँकांनाही आहे, पतसंस्थांना नाही. पतसंस्थेचा मॅनेजर ओळखीचा असतो, अध्यक्ष गावचे असतात, त्यामुळे नाही म्हणणं जड जातं. तरी म्हणावं. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी या सहकारी बँकेवर निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला खात्यातून फक्त १,००० रुपये काढता येत होते. २०२२ मध्ये पुण्याच्या रुपी बँकेचा परवाना रद्द झाला, पण त्याआधी ठेवीदारांनी कित्येक वर्षं निर्बंधांत काढली होती. रांगेत पांढऱ्या केसांची माणसंच जास्त होती. सहकारी बँकेत ठेवायचेच असतील तर ५ लाखांच्या खाली ठेवा, आणि पुढे जमणारं व्याजही त्या मर्यादेत धरा.

मुलीचं लग्न आणि मुलाचा फ्लॅट दोन्ही समोर आहे. फंडातून द्यावं का?

हा प्रश्न विचारणाऱ्याने बहुतेक वेळा द्यायचं ठरवलेलंच असतं. तरी सांगतो. वरच्या हिशेबात ४७ लाखांतून १५ लाख लग्नाला गेले तर महिन्याचे दहा हजार गेले, आणि ते दर महिन्याला, मरेपर्यंत. असा आकडा समोर ठेवला की निर्णय सोपा होतो. मुलाचा पगार चालू आहे, त्याला वीस वर्षांचं कर्ज मिळतं. तुम्हाला साठाव्या वर्षी कुणी ते देणार नाही. द्यायचंच असेल तर ठरावीक रक्कम, एकदाच, नवरा-बायको दोघांच्या संमतीने. आणि मुलांना आपला हिशेब उघड दाखवा. बाबांकडे भरपूर आहे हा समज अनेक घरांत निव्वळ न बोलल्यामुळे टिकून असतो.

कर भरावा लागेल का?

पाच वर्षांपेक्षा जास्त सर्व्हिस असेल तर फंडाची रक्कम करमुक्त. खासगी नोकरीतली ग्रॅच्युइटी २० लाखांपर्यंत करमुक्त. पेन्शन आणि व्याज करपात्र आहे, पण नव्या कररचनेत २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंतच्या नेहमीच्या उत्पन्नावर कर पडत नाही, त्यामुळे बहुतेकांना काही भरावं लागणार नाही. बँकेत आणि पोस्टात कर कापू नये म्हणून दरवर्षी फॉर्म द्यायला विसरू नका.

कंपनीचा मेडिक्लेम आहे. वेगळा काढायचा का?

हो, आणि निवृत्तीची वाट न पाहता. कंपनीचं कव्हर साधारणपणे नोकरीबरोबर संपतं. आधीपासूनच्या आजारांसाठी नव्या पॉलिसीत तीन वर्षांपर्यंतचा थांबण्याचा काळ असू शकतो. बीपी, शुगर तर या वयात घरोघरी आहे. चोपन्नाव्या वर्षी पॉलिसी काढली तर अठ्ठावन्नला ती पूर्ण लागू झालेली असते. आणि अर्जात आजार लपवू नका. एजंट ‘लिहायची गरज नाही’ म्हणाला तरी लिहा. क्लेमच्या वेळी तो एजंट तुमच्यासोबत नसतो.

२०२४ पासून पासष्टच्या वरच्यांनाही नवी पॉलिसी घेण्यास वयाची आडकाठी नाही, पण हप्ता जड असतो. सत्तरी पूर्ण झाली की उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्डावर यादीतल्या रुग्णालयांत वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. हे कार्ड आधारवर निघतं. सत्तरच्या आतली दहा-बारा वर्षं मात्र तुमची तुम्हाला सांभाळायची आहेत.

घर मुलाच्या नावावर करून टाकू का? नंतरची कटकट नको.

करू नका. या पानावर एवढंच एक वाचलंत तरी चालेल.

महाराष्ट्रात राहतं घर मुलाला, मुलीला किंवा जोडीदाराला बक्षीसपत्राने द्यायचं तर मुद्रांक शुल्क अवघं २०० रुपये आहे. इतकं स्वस्त असल्यामुळे पुष्कळ आईवडील ते पटकन करून मोकळे होतात. पण बक्षीसपत्राची नोंदणी झाली की घर तुमचं राहत नाही. मुलगा चांगला असेलही. पण त्याची नोकरी जाऊ शकते, त्याच्यावर कर्ज होऊ शकतं, त्याचा घटस्फोट होऊ शकतो, आणि दुर्दैवाने तुमच्याआधी तोच जाऊ शकतो. मग घराचा निर्णय भलत्याच माणसांच्या हातात जातो.

मृत्युपत्र करा. ते हयातीत कधीही बदलता येतं आणि तोवर घर तुमच्याच नावावर राहतं. बक्षीसपत्र झालंच असेल आणि मुलं सांभाळत नसतील, तर २००७ च्या आईवडील आणि ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायद्याच्या कलम २३ खाली प्रांत कार्यालयातल्या न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. मात्र देखभाल करण्याच्या अटीवर घर दिलं होतं हे दिसावं लागतं. म्हणून द्यायचंच असेल तर ती अट कागदात स्पष्ट लिहून घ्या.

नॉमिनी लावला आहे. मग मृत्युपत्र कशाला?

नॉमिनी म्हणजे वारस नव्हे. बँक किंवा सोसायटी नॉमिनीकडे पैसे किंवा सभासदत्व देते, पण मालकी वारसा कायद्याने किंवा मृत्युपत्राने ठरते. मृत्युपत्राला स्टॅम्प पेपर लागत नाही. साध्या कागदावर, दोन साक्षीदारांसमोर सही करून होतं. साक्षीदार तुमच्यापेक्षा तरुण असावेत आणि ज्यांना काही मिळणार आहे त्यांना साक्षीदार करू नये. नोंदणी सक्तीची नाही, तरी दुय्यम निबंधकाकडे करून ठेवा. नॉमिनीचं कामही अर्धवट ठेवू नका. फंडात अजून आईचं नाव नॉमिनी म्हणून असलेली पन्नाशीची माणसं दर महिन्याला भेटतात.

निवृत्तीनंतर गावी जाऊन राहावं का?

अनेकांचं हे तीस वर्षांचं स्वप्न असतं, म्हणून घाईने हो किंवा नाही म्हणवत नाही. मे महिन्यात गाव बघून निर्णय घेऊ नका. तेव्हा सगळे चाकरमानी आलेले असतात, आंबे-फणस असतात, अंगणात माणसं असतात. जून ते सप्टेंबर सलग राहून बघा. कोकणात असाल तर कौलं गळतात, लाइट जाते ती दोन-दोन दिवस येत नाही, आणि रात्री छातीत दुखलं तर हृदयाचा डॉक्टर किती तासांवर आहे हे तेव्हाच समजतं. घाटावर असाल तर पाण्याचा टँकर कधी येतो ते उन्हाळ्यात बघा.

खर्च करण्याआधी कागद बघा. सातबारावर किती नावं आहेत? घर ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर कुणाच्या नावाने आहे? आजोबांच्या नावाचं घर पंधरा लाख घालून दुरुस्त केलं आणि मग चुलत भावांनी हिस्सा मागितला, असे वाद तालुक्याच्या कोर्टात ढिगाने आहेत.

आणि पत्नीला विचारा. तुमचं गाव ते तिचं गाव असेलच असं नाही. तिच्या मैत्रिणी, भिशी, भजनी मंडळ, ओळखीचा दवाखाना सगळं शहरात असतं. तुम्ही ओसरीवर बसाल, पण चूल, पाहुणे आणि सोवळं-ओवळं तिच्या गळ्यात पडेल. सहा महिने इथे, सहा महिने तिथे अशी राहणारी जोडपी मला सगळ्यात समाधानी दिसतात. एसटीत ६५ पासून अर्धं तिकीट आणि ७५ पूर्ण झाल्यावर मोफत प्रवास असल्यामुळे ये-जाही परवडते.

शहरातच राहणार असाल तर घर कितव्या मजल्यावर आहे ते बघा. लिफ्ट नसलेल्या जुन्या इमारतीत तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर राहणारी माणसं गुडघे गेल्यावर घरातच अडकतात. अंगात ताकद आहे तोवर तळमजल्यावर किंवा लिफ्टच्या इमारतीत जा, मग घर थोडं लहान मिळालं तरी चालेल.

वेळ कसा जाईल?

पहिले तीन महिने छान जातात. नंतर सकाळी साडेसहाची बस नसते आणि फोन वाजत नाही. शिफ्टमध्ये आयुष्य गेलेल्या माणसांना हे जास्त लागतं. झोपेचं गणितही विस्कटलेलं असतं. निवृत्तीआधीच्या दोन वर्षांत एखादी गोष्ट सुरू करून ठेवा जिथे तुमची कुणी वाट पाहतं: ज्येष्ठ नागरिक संघ, वाचनालय, आयटीआयच्या मुलांना शिकवणं, सोसायटीचे हिशेब.

घरातल्या कामांची वाटणीही नव्याने करा. तुम्ही निवृत्त झालात, घरच्या बाई झालेल्या नाहीत. चाळीस वर्षं दुपारी तिचं घर तिचं होतं, आता तुम्ही दर तासाला चहा मागायला लागलात तर तिची चिडचिड होणारच. भाजी, बँक, दळण, दुपारचा चहा एवढं स्वतःकडे घ्या.

फंड जमा झाल्यापासून अनोळखी फोन येत आहेत. काय करू?

फोन ठेवून द्या. फंड कार्यालय फोनवर ओटीपी मागत नाही. व्हिडिओ कॉलवर ‘डिजिटल अटक’ करणारे पोलीस नसतात, कायद्यात असा प्रकारच नाही. पैसे गेलेच तर लाज न बाळगता लगेच १९३० वर तक्रार करा. जितका उशीर कराल तितके पैसे परत मिळणं अवघड.

माझ्यानंतर पत्नीला काय मिळेल, आणि तिने काय करायचं?

पीएफच्या पेन्शनमधलं निम्मं तिला, पुनर्विवाह केला नाही तर, आयुष्यभर मिळतं. ४,४०० असेल तर २,२००. बचत योजनेतलं संयुक्त खातं तिला पुढे चालवता येतं. पण हे तिला माहीत हवं, आणि बहुतेक घरांत ते माहीत नसतं. एक जाड वही करा आणि त्यात यूएएन, पेन्शनचा पीपीओ (पेन्शन मंजुरीच्या आदेशाचा) नंबर, कोणती बँक, कोणतं पोस्ट, कोणती पॉलिसी, कुणाला दिलेले आणि कुणाचे घेतलेले पैसे, मृत्युपत्र कुठल्या कपाटात आहे, हे सगळं लिहा. एकदा तिला बरोबर घेऊन बँकेत आणि पोस्टात जा. काउंटरवर तिने स्वतः स्लिप भरू दे, स्वतः सही करू दे. तिच्या एकटीच्या नावाचं एक खातं असू दे आणि त्यात चार-सहा महिन्यांचा खर्च असू दे, कारण दाखले गोळा होईपर्यंत संयुक्त नसलेली खाती अडकून राहतात.

पेन्शन चालू राहण्यासाठी हयातीचा दाखला वर्षातून एकदा द्यावा लागतो. पीएफच्या पेन्शनरांना तो नोव्हेंबरमध्येच द्यायची सक्ती नाही, दिल्यापासून वर्षभर चालतो. जीवन प्रमाण ॲपवर चेहरा दाखवून घरबसल्या होतो. बोटांचे ठसे उमटत नाहीत अशा कामगारांना ही सोय फार कामाची आहे. ते ॲप तिच्या फोनमध्येही टाकून द्या आणि यंदाचा दाखला तिच्याच हाताने भरून घ्या.